भूदृश्य वास्तुकलेचे उच्च शिक्षण : वावर न विकता पैसा कसा उभारावा

सभासद बंधू-भगिनींनो,



या पानावर आम्ही एरवी बेणे, खतांच्या मात्रा, खोडव्याची जोपासना आणि कीड-रोग याविषयी लिहीत असतो. या खेपेस विषय वेगळा घेतला आहे. त्याला कारण उंद्री गटात घडलेली एक गोष्ट, आणि त्या गोष्टीत आमची स्वतःची झालेली चूक.

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडी उंद्री गटातील एक सभासद खोडव्याची नोंद देण्यास आले होते. नोंद झाली, चहा झाला, तरी उठेनात. मग हळूच म्हणाले, "सायेब, पोरीनं आर्किटेक्टची पाच वर्षं केली. आता म्हन्ते, लँडस्केपचं पुढचं शिकतो. दोन वर्षं पुन्याले राहा लागते. या शिक्षणाले पैसा कोन देते का?" आम्ही हसलो. "बागकामाच्या शिक्षणाला सरकार कुठले पैसे देणार, पाटील?" असे म्हणून पुढच्या सभासदाची नोंद लिहू लागलो.

त्यांनी रस्त्याकडचे एक एकर वावर विकले आणि मुलीची फी भरली. प्रवेशही संस्थेच्या कोट्यातून घेतला, कारण राज्याच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज कोणी भरायचा असतो हेच घरात कोणाला ठाऊक नव्हते. पुढे आम्ही माहिती काढली तेव्हा कळले की, त्याच वर्षापासून शासनाने मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी माफ केली होती. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा होता. अर्ज वेळेत गेला असता तर ते एकर आज त्यांच्या सातबाऱ्यावर असते.

आमचे शिक्षण कृषी पदविकेपर्यंतचे. वास्तुकलेतले आम्हाला फारसे कळत नाही. परंतु कोणाचा ऊस कोणत्या तारखेला तुटणार हे जसे नोंदीवर ठरते, तसेच शिक्षणाच्या मदतीचेही आहे, एवढे आता पक्के कळले आहे. ते आपल्यापुढे मांडतो.

हे शिक्षण आहे तरी काय?

लँडस्केप आर्किटेक्चर याला मराठीत भूदृश्य वास्तुकला म्हणतात. आमच्यासारखे अनेकजण तिला बागकाम समजतात. बाग हा तिचा एक भाग झाला. जमिनीचा उतार कोणीकडे, पावसाचे पाणी कोठून येते व कोठे जाते, माती कशी आहे, कोणते झाड कोठे तग धरील, माणसे कोठून ये-जा करतील, या सर्वांचा मेळ घालून मोकळ्या जागेची आखणी करणे, हे त्या शास्त्राचे काम. इमारत बांधणारा भिंतीच्या आतले पाहतो, हा भिंतीच्या बाहेरचे पाहतो.

आपल्या जिल्ह्यातच पहा ना. शेगावच्या संस्थानाने उभारलेले आनंद सागर आपण पाहिले आहे. सिंदखेडराजाचे मोती तलाव व चांदणी तलाव हे जुन्या काळच्या आखणीचे नमुने आहेत. लोणारच्या सरोवराला २०२० साली रामसर यादीत स्थान मिळाले; तेथे पर्यटकांची वाट, गाड्यांचा तळ आणि सांडपाण्याचा बंदोबस्त सरोवराला धक्का न लावता कसा करावा, हा याच शास्त्राचा प्रश्न आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. त्याच्या भरावाच्या उतारावर कोणते गवत व कोणती झुडपे लावावीत म्हणजे माती धुपणार नाही, हाही त्यातलाच विषय.

या व्यवसायाचा पाया घालणारे म्हणून ज्यांचे नाव जगभर घेतले जाते ते अमेरिकेतील फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड हे आधी शेतकरी होते. न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन बेटावर त्यांनी शेती केली आणि पुढे १८५८ साली कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. तेव्हा शेतकऱ्याच्या मुलाने वा मुलीने या विषयाकडे वळावे यात नवल काहीच नाही. उतार आणि पाणी आपल्या पोरांना लहानपणापासून कळते.

शिक्षणाच्या दोन वाटा

पैशाची गोष्ट करण्यापूर्वी वाट कोणती हे ठरले पाहिजे, कारण मदत वाटेप्रमाणे बदलते.

पहिली वाट वास्तुकलेच्या पदवीधरांची. पाच वर्षांची बी. आर्च. पदवी झाल्यावर दोन वर्षांची भूदृश्य वास्तुकलेची पदव्युत्तर पदवी करता येते. केंद्र सरकारच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या संस्था दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा येथे आहेत व तेथे हा विषय आहे. पैकी भोपाळ आपल्याला जवळचे. अहमदाबादला सेप्ट विद्यापीठात हा विषय आहे. पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे डॉ. भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय आहे, ते खास मुलींसाठी.

दुसरी वाट कृषी व उद्यानविद्येच्या पदवीधरांची. हे पुष्कळांना माहीत नाही. आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात पुष्पशास्त्र व भूदृश्य शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. या वाटेने गेलेला मुलगा आर्किटेक्ट म्हणून सही करू शकत नाही. त्यासाठी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेची नोंदणी लागते. रोपवाटिका, उद्याने, हिरवळीची कंत्राटे, महापालिकांचे उद्यान विभाग, संशोधन, अध्यापन या कामांना ही पदवी चालते.

परदेशात आणखी एक दार उघडे आहे. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांत या विषयाची तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी अशी आहे की, तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. म्हणजे बी. एस्सी. कृषी झालेलाही. ज्याची वास्तुकलेची वा याच विषयाची पदवी आधीच झालेली असेल त्याला बहुधा एक वर्ष कमी लागते. नेदरलँडमधील वाखेनिंगेन हे तर मूळचे शेतकी विद्यापीठ. तेथेही भूदृश्य वास्तुकला शिकवतात.

हिशेब टनात मांडू

रुपयांचे आकडे डोक्यावरून जातात. म्हणून आपण टनात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरवला. उतारा साडेनऊ टक्के वा त्याखाली असल्यास ३२९.०५ रुपये. तोडणी-वाहतूक वजा जाता हिशेबापुरते टनाला अडीच हजार रुपये हाती येतात असे धरू. म्हणजे दहा हजार रुपये म्हणजे चार टन ऊस. एकरी चाळीस टन उत्पादन धरले तर एका एकराचे एक लाख, आणि त्यातून मशागत, बेणे, खत, पाणी हे वजा व्हायचेच आहे.

आता पुढचे आकडे या मापाने वाचावेत.

महिन्याला मिळणारे विद्यावेतन

इंजिनिअरिंग व वास्तुकलेच्या पदवीधरांसाठी गेट नावाची देशपातळीवरची परीक्षा असते. तीत वास्तुकला व नियोजन असा स्वतंत्र पेपर आहे. अर्ज पावसाळा सरता सरता सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत होते व तिचे गुण तीन वर्षे चालतात. या परीक्षेत पात्र ठरून वर सांगितलेल्या केंद्र सरकारच्या संस्थांत पूर्णवेळ प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनाची सोय आहे. दोन वर्षांचे २,९७,६०० रुपये झाले. आपल्या मापाने ११९ टन ऊस, म्हणजे तीन एकरांचे सगळे बिल. हे कर्ज नव्हे, परत करायचे नाही. खासगी महाविद्यालयात हे विद्यावेतन मिळते की नाही, हे प्रवेशाआधी त्या महाविद्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी "मिळून जाईल" यावर विसंबू नये.

कृषी पदवीधरांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा आहे. तिच्या गुणवत्तेत वर येणाऱ्या ठराविक विद्यार्थ्यांना दरमहा १२,६४० रुपये शिष्यवृत्ती मिळते. दोन वर्षांचे तीन लाखांवर जातात. ज्यांना ती मिळत नाही, पण परिषदेच्या जागेवर दुसऱ्या राज्यातील कृषी विद्यापीठात प्रवेश मिळतो, त्यांना राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती म्हणून दरमहा ५,००० रुपये मिळतात. म्हणून अकोल्याच्या राज्यस्तरीय परीक्षेबरोबर या परीक्षेचाही अर्ज भरावा. एकाच बेण्यावर विसंबून लागण करू नये, हे आम्ही दरवर्षी सांगतोच.

राज्य शासनाची फी सवलत

राज्यातील महाविद्यालयांसाठी मुख्य योजना महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरून चालतात. त्यांतील ठळक अशा :

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील मुलांना निम्मी फी मिळते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षण प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील मुलींना, त्याच ८ लाखांच्या मर्यादेत, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अटी दोन, आणि त्याच आमच्या सभासदाला नडल्या. प्रवेश केंद्रीभूत फेरीतून हवा, आणि महाविद्यालय अभिमत किंवा खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठाचे नसावे. आपला अभ्यासक्रम व संस्था योजनेच्या यादीत आहे का, हे पर्याय भरण्यापूर्वी पहावे. पर्याय भरून झाल्यावर पाहून काही उपयोग नाही.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास आहे. त्यावर उत्पन्न गेल्यास फ्रीशिप आहे. भटक्या-विमुक्त व इतर मागास प्रवर्गांसाठी त्यांच्या त्यांच्या योजना त्याच संकेतस्थळावर आहेत.

राहण्या-जेवण्याचा खर्च फीपेक्षा जड जातो, विशेषतः पुण्यात. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आपल्या सभासदांपैकी किती जणांकडे अल्पभूधारकाचा दाखला निघू शकतो हे सांगायला नको, पण तो काढलेला थोड्यांनीच. अनुसूचित जातीच्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

ज्या पंजाबरावांच्या नावाने ही योजना आहे, ते अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या शेतकऱ्याच्या घरचे. ऑक्सफर्डला जाऊन डॉक्टरेट घेऊन आले, पुढे देशाचे कृषिमंत्री झाले आणि वऱ्हाडात शिक्षणाचे जाळे विणले. वऱ्हाडातल्या पोराला परदेश दूर नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

परदेशात जायचे असल्यास

राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीच्या योजना प्रवर्गवार आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा. मराठा व कुणबी समाजातील विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती २०२३ पासून आहे, तिच्याही जागा ७५. इतर मागास, भटके-विमुक्त व खुल्या गटातील आर्थिक दुर्बलांसाठीही योजना आहेत. या सर्वांत जागतिक क्रमवारीत वरच्या ठराविक क्रमांकांतले विद्यापीठ असावे लागते. म्हणून एजंट सांगेल ते विद्यापीठ घेऊ नये. आधी योजनेचा क्रमांक पहावा, मग विद्यापीठ निवडावे.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला १२५ जागा. त्यातील बहुतेक अनुसूचित जातींसाठी असल्या तरी विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठीही काही जागा राखून ठेवलेल्या आहेत. आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या टोळीतील एखाद्याचा मुलगा पदवीधर असेल, तर त्याला हे अवश्य सांगावे. त्याला सांगणारे कोणी नसते.

जर्मनीची डाड ही संस्था वास्तुकलेच्या पदवीधरांसाठी वेगळी पदव्युत्तर शिष्यवृत्ती देते, आणि तीत भूदृश्य वास्तुकला स्पष्ट शब्दांत आहे. २०२५ साली तिची रक्कम दरमहा ९९२ युरो होती. शिवाय जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग या प्रांतासारखे काही अपवाद आहेत. शिष्यवृत्ती नसल्यास मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात. फी नाही म्हणजे खर्च नाही, असे समजू नये.

अमेरिकेत फी जबर आहे. पण तेथील विद्यापीठे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अध्यापन-साहाय्यक किंवा संशोधन-साहाय्यक म्हणून कामे देतात. आठवड्याला वीस तासांपर्यंत काम, त्याबद्दल वेतन आणि पुष्कळदा फीत मोठी सूट. हे आपोआप मिळत नाही. प्रवेश अर्जाबरोबर विभागाला पत्र लिहून, आपल्याला काय येते ते सांगून मागावे लागते. ज्याला ठिबकची आखणी येते, लेव्हल लावता येते, माती परीक्षणाचा अहवाल वाचता येतो, त्याने हे पत्रात लिहिण्यास लाजू नये.

आणखी दोन जुन्या खासगी सोयी आहेत. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डोमेन्टची कर्ज-शिष्यवृत्ती ही एक. तिच्या पहिल्या दोन विद्यार्थिनींपैकी एक होत्या कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. दुसरी के. सी. महिंद्र ट्रस्टची, १९५६ पासूनची. ती बिनव्याजी कर्ज स्वरूपात असते. या दोन्हींचे अर्ज हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात निघतात. मुलाखत होते. मार्कांबरोबर त्याने काय काम केले आहे तेही पाहतात.

कर्ज घ्यावे लागले तर

शिष्यवृत्ती मिळूनही काही भाग कर्जाने भरावा लागतो. कर्ज वाईट नाही. न समजता घेतलेले कर्ज वाईट.

बँकांच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. साडेसात लाखांच्या वर गेल्यास स्थावर तारण मागतात. येथे आपल्या लोकांची एक समजूत चुकते. "वावर लिहून देतो ना" असे म्हणतात. पण बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेण्यास नाखूश असतात, कारण सरफेसी कायद्याखाली त्यांना ती जप्त करता येत नाही. घर, बिगरशेती प्लॉट, मुदत ठेव, विमा पॉलिसी हे चालते.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्या यादीतील दर्जेदार संस्थांत, ज्यांत केंद्र सरकारच्या संस्था येतात, गुणवत्तेवर प्रवेश मिळाल्यास जामीनदार व तारण यांशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल व दुसरी सरकारी शिष्यवृत्ती वा व्याजसवलत घेतलेली नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याज सवलत आहे. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिक्षणकाळातील पूर्ण व्याज सरकार भरते, अशीही तरतूद आहे. मुलगा गेटचे विद्यावेतन घेणार असेल, तर दोहोंपैकी काय फायद्याचे ते बँकेत बसून ठरवावे.

आता व्याजाचा हिशेब. समजा ६ लाखांचे कर्ज घेतले. पहिल्या वर्षी तीन, दुसऱ्या वर्षी तीन, दर १० टक्के. शिक्षणाची दोन वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असते. पहिल्या तीन लाखांवर तीन वर्षांचे ९०,००० आणि दुसऱ्या तीन लाखांवर दोन वर्षांचे ६०,०००, एकूण दीड लाख. हप्ता सुरू होतो तो साडेसात लाखांवर. दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला सुमारे ९,९०० रुपये. तेच व्याज त्या तीन वर्षांत उसाच्या बिलातून भरत गेलात, तर हप्ता ६ लाखांवर सुरू होतो, महिन्याला सुमारे ७,९००. पुष्कळ बँका असे व्याज भरत जाणाऱ्यास दरात एक टक्का सवलतही देतात. तीन वर्षांचे दीड लाख म्हणजे ६० टन. वर्षाला २० टन, अर्ध्या एकराचा ऊस. अर्धे एकर मुलाच्या नावाने बाजूला काढले असे समजावे, आणि एकराचे एकर विकण्याची पाळी येत नाही.

एक मात्र करू नये. पीक कर्जाचे पैसे फीसाठी वळवू नयेत. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला वेळेत परतफेड केल्यास व्याजाची जी सवलत आहे, ती परतफेड चुकली की जाते. शिवाय उसाला खत टाकायच्या वेळी हात रिकामा राहतो, टनेज घटते, आणि पुढच्या वर्षीच्या फीचीही पंचाईत होते.

कागदांची नोंद

योजना बुडतात त्या पैशाअभावी कमी आणि दाखल्याअभावी जास्त. तहान लागल्यावर विहीर खोदून पाणी मिळत नाही. खालील कागद मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच एका पिशवीत असावेत :

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. हा आर्थिक वर्षाप्रमाणे लागतो, म्हणून एप्रिलनंतर नवा काढावा.
अधिवास दाखला.
जातीचा दाखला व जात पडताळणी प्रमाणपत्र. पडताळणीला महिने लागतात; बारावीतच अर्ज करावा.
नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, ज्याचा जो असेल तो, मुदत तपासून.
अल्पभूधारकाचा दाखला व सातबारा, आठ-अ.
आधारशी जोडलेले, मुलाच्याच नावाचे बँक खाते. शिष्यवृत्ती तेथेच जमा होते.
दहावीपासूनच्या गुणपत्रिका, आणि परदेशासाठी पासपोर्ट.

याशिवाय वास्तुकलेच्या शाखेत मुलाने केलेल्या कामांची चित्रवही लागते. तिला ते पोर्टफोलिओ म्हणतात. तीत आपल्याच शिवाराचे, पाझर तलावाचे, गावाच्या पाणंदीचे चित्र व आराखडा असेल तर ते काम परक्याच्या नकलेपेक्षा भाव खाते, असे जाणकार सांगतात.

शेवटी एक गोष्ट

ज्या सभासदापासून सुरुवात केली त्यांच्याकडेच पुन्हा वळतो. गेल्या दिवाळीत त्यांची मुलगी सुटीवर आली होती. त्यांच्या खालच्या अंगाच्या वावरात तीन वर्षांपासून पाणी साचते, ऊस पिवळा पडतो. आम्ही जिप्सम सांगितले, हिरवळीचे खत सांगितले, चर काढायला सांगितले. फरक पडला तो थोडा. मुलीने बांधावरून दोन फेऱ्या मारल्या, गावचा जुना नकाशा मागवून घेतला आणि म्हणाली, "काका, रस्ता उंच केला तेव्हा नळकांडी पूल सरकवला आहे. पूर्वी पाणी वरच्या एकरातून नाल्याला जात होतं. ते तिकडूनच काढलं पाहिजे."

आम्ही जुना नकाशा पाहिला. पोरगी बरोबर बोलत होती. दहा वर्षे त्या वावरात फिरूनही ते आमच्या ध्यानात आले नव्हते.

पण वरचे एकर म्हणजे तेच, जे तिच्या फीसाठी विकले गेले. नव्या मालकाने ते सपाट करून प्लॉट पाडायला घेतले आहेत. तिचे वडील शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. बांधावरचा एक दगड उचलून त्यांनी नीट लावला आणि विहिरीकडे निघून गेले. मुलगी आता रस्त्याच्या कडेने चर काढण्याचा दुसरा आराखडा करीत आहे. खर्च जास्त आहे, पण होईल असे ती म्हणते. आम्ही लेव्हल घेऊन तिच्याबरोबर जाणार आहोत.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, ज्यांची मुले-मुली वास्तुकला, कृषी वा उद्यानविद्येच्या पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांत असतील, त्यांनी उंद्री गट कार्यालयात, अगर आम्ही प्लॉट पाहणीस येऊ तेव्हा बांधावरच, नाव सांगून ठेवावे. उसाच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर आम्ही त्यांची यादी सुरू केली आहे. कोणता अर्ज कोणत्या महिन्यात, एवढे आम्ही वेळेवर कळवू. सहकारी साखर कारखानदारीची आपल्याकडची सुरुवात ज्या प्रवरा परिसरात झाली, तेथे कारखान्याच्या मागोमाग शाळा-महाविद्यालये उभी राहिली. आपण निदान एक यादी तरी नीट ठेवू शकतो. फीच्या पहिल्या हप्त्यापुरती सभासदाला उसाच्या बिलावर बिनव्याजी उचल देता येईल का, हा विषयही वार्षिक सभेत मांडण्याचा आमचा विचार आहे. आपण सभेला येऊन त्यावर बोलावे.

यापुढे कोणी सभासद पोरांच्या शिक्षणाचे विचारू लागला, तर आम्ही हसणार नाही. हातातली पेन्सिल खाली ठेवून आधी त्यांचे ऐकू.



आपला,
ऊस विकास अधिकारी